पंचाहत्तर ओहमची शांतता

मार्च आला की नाशकात दोन गोष्टी रस्त्यावर येतात, द्राक्षं आणि लाऊडस्पीकर. द्राक्षांबद्दल माझी तक्रार नाही. जेलरोडच्या कोपऱ्यावर टेम्पोचं फाळकं पाडून उभा असलेला माणूस चवीपुरते चार मणी हातावर टाकतो, आणि ते आंबट निघाले तरी मी "गोड आहेत" म्हणते, कारण हंगामाच्या पहिल्या द्राक्षांना नावं ठेवू नयेत. लाऊडस्पीकरला मात्र मी मनसोक्त नावं ठेवते. लग्न असो, वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो, प्रत्येकाला वाटतं की आपला आनंद थेट गंगापूर धरणापर्यंत ऐकू गेला पाहिजे. माझ्या खिडकीची काच थरथरते. पूर्वी ती फक्त देवळाली कॅम्पाकडे तोफांचा सराव चालू असला की थरथरायची, आणि तोफा निदान वरातीत नाचायला येत नव्हत्या.

याच दिवसांत मी कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढते. त्यात बोटभर लांबीची एक वायर आहे. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला तशीच पिन बसेल असं सॉकेट, आणि मधे काळ्या नळीत झाकलेले, वीज अडवणारे दोन रेझिस्टर, डाव्या कानाचा एक आणि उजव्या कानाचा एक. दुकानात आता ही वस्तू तयार मिळते. तिला इम्पिडन्स अ‍ॅडाप्टर असं भारदस्त नाव आहे. माझी घरी केलेली आहे आणि तिचं घरचं नाव 'स्पीडब्रेकर'. गाण्याचा प्लेअर आणि हेडफोन यांच्या मधे बसायचं आणि आवाज कमी करायचा, एवढंच तिचं काम.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. मेन रोडच्या मागच्या गल्लीतला दुकानदार तर हसला होता. "ताई, लोक आवाज वाढवायला येतात माझ्याकडे. कमी करायला तुम्हीच पहिल्या." मग त्याने मला दुप्पट दणक्याचे हेडफोन दाखवले. मी म्हटलं, "मला दणका नको आहे, म्हणून तर आले." त्याला ते कळलं नाही. मलाही त्याला कळवण्याची गरज वाटली नाही.

माझं बालपण एकलहऱ्याच्या वसाहतीत गेलं. वडील वीज केंद्रात टर्बाइन हॉलमध्ये मीटर आणि गेज सांभाळायचे. शाळेतून आलं, दप्तर टाकलं, खिडकीत बसलं की टर्बाइनची घरघर असायचीच. जेवताना, अभ्यासाला बसताना, भांडतानासुद्धा. पाहुणे आले की पहिल्या दिवशी म्हणायचे, "कसला आवाज येतोय?" आम्ही म्हणायचो, "कुठला आवाज?" आम्हाला खरंच ऐकू यायचा नाही. ऐकू यायचं ते तो थांबला की. युनिट बंद पडलं की त्याला सगळे 'ट्रिप झालं' म्हणायचे, आणि भर दुपारी ट्रिप झालं तर अख्खी वसाहत मान वर करायची. आईचा पळीवरचा हात थांबायचा. बाबा ताटावरून उठून बूट शोधायला लागायचे. बाकीच्या जगाला आवाजाने दचकायला होतं, आम्हाला शांततेने व्हायचं.

बाबा घरातही ओरडूनच बोलायचे. टर्बाइन हॉलमध्ये मात्र बोलणं नव्हतंच, तिथे सगळं हातांनी. तळहात वर उचलला की 'वाढव', खाली दाबला की 'कमी कर', आणि हात हवेत गोल फिरवला की 'चालू आहे, काळजी नको'. हीच भाषा ते घरी आणायचे. आईने आमटी वाढायला घेतली की तळहात खाली. आई म्हणायची, "तोंडाने बोला की, मी काय मशीन आहे?"

कानात घालायचे बोळे ऑफिसातून मिळायचे. सगळे घालायचे, बाबा खिशात ठेवायचे. आई कपडे धुताना ते बोळे खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवायची आणि चिडायची. बाबांचं उत्तर ठरलेलं. "मशीन बोलतं बयो. त्याचा सूर बदलला का मला आधी कळतं, मीटरला नंतर. कान बंद करून कसं चालंल?" आपल्याला ऐकू कमी यायला लागलंय हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांनी ते मान्य केलं नाही. हा हट्ट मी त्यांच्याकडून जसाच्या तसा घेतला आहे, आणि मला त्याबद्दल मुळीच वाईट वाटत नाही.

आता ही वायर ज्या मार्चमध्ये तयार झाली त्याबद्दल. मी चोवीस वर्षांची होते. गाण्याची विशारदची परीक्षा दोनदा पुढे ढकलली होती, एकदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षामुळे आणि एकदा आईच्या ऑपरेशनमुळे. तिसऱ्यांदा ढकलली असती तर ती कायमची गेली असती, कारण मला शिकवणाऱ्या बाई मे महिन्यात मुलाकडे बंगळूरला राहायला चालल्या होत्या. आणि जानेवारीत मला ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण जाताना डाव्या कानात एक बारीक शिट्टी ठेवून गेला. कुकरची शिट्टी दूरच्या घरात वाजावी तशी, पण न थांबणारी.

डॉक्टर म्हणाले, "हेडफोन बंद. गाण्याचा रियाजही काही महिने राहू द्या." बाई म्हणाल्या, "या वर्षी राहू दे गं. सूर ऐकू आल्याशिवाय सूर लागायचा कसा?" माझी आत्या सिन्नरहून मुद्दाम आली, आणि दार लावून घेऊन आईला म्हणाली, "पोरीच्या कानाचं कुठं बोलू नको. स्थळं यायची हायेत. भिंतीला पण कान असत्यात." बाबा बाहेरच्या खोलीतून गरजले, "आमच्या कॉलनीतल्या भित्ताडाला कान असले तरी या घरघरीत त्याला काय डोंबल ऐकू येणार हाय?" आत्या चहा न घेता गेली.

तिघांनी मिळून माझं वर्ष परस्पर निकालात काढलं होतं. तिघंही माझ्या भल्याचंच सांगत होते, हे मला कळत होतं आणि त्यामुळे राग आणखीच येत होता. भल्याचं सांगणाऱ्यांशी भांडता येत नाही. त्यांचं ऐकायचं नाही, एवढंच हातात उरतं.

मी ऐकलं नाही. बाईंच्या तानपुऱ्याचं आणि त्यांनी शिकवलेल्या बंदिशींचं रेकॉर्डिंग माझ्या छोट्या प्लेअरमध्ये होतं. काडेपेटीएवढा तो प्लेअर आणि कानात रबराने घट्ट बसणारे हेडफोन, दोन्ही मामेभावाने दिलेलं. त्याला या वस्तूंचं वेड, त्यामुळे हेडफोन असे नाजूक की सुई पडली तरी ऐकू यावी. तीच अडचण झाली. आवाज सगळ्यात खाली, एकवर ठेवला तरी तानपुरा कानात घुसायचा आणि शिट्टी वाढायची. एकच्या खाली शून्य, म्हणजे बंद. मला त्या दोघांच्या मधे कुठेतरी राहायचं होतं आणि तिथे जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. हेडफोन लावले की उजव्या कानातही मला काहीतरी ऐकू येऊ लागलं होतं. तानपुऱ्याच्या मागे, दोन तारांच्या मधल्या जागेत, वाळकी पानं सरकल्यासारखी सळसळ. हेडफोन काढले की ती वीज केंद्राच्या घरघरीत मिसळून जायची, म्हणजे गेली की आहे ते कळायचंच नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की डाव्या कानाचं दुखणं उजव्यात उतरलं. चांगला कान चालला. मी दिवसभर हसून बोलायचे आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. सगळ्यांशी उद्धटपणाने वागणारी मी आतून पार घाबरून गेले होते, हे आज लिहायला हरकत नाही.

एका रविवारी दुपारी बाबांनी मला हेडफोन कानाला लावताना पाहिलं, म्हणजे कानात न घालता, वीतभर लांब धरून. "असं काय ऐकतीस? बारीक कर ना आवाज."

"केलाय. याच्या खाली बंदच होतो."

त्यांनी प्लेअर हातात घेतला, उलटा केला, बटण दाबून पाहिलं. मग हेडफोनच्या पुड्यावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर कामावरचा चेहरा आला. "हां. प्रेशर लय हाय आन् पाइप बारीक. मधी कायतरी आडवं घालाया पायजे. एवढ्यासाठी तू महिना वाया घालवला? घरात माणूस बसलाय ना!"

त्यांनी खाटेखालून हत्यारांची पेटी ओढली. सोल्डरिंगच्या कांडीचा तो राळेचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि बाजूला परातीत आईने निवडायला घेतलेल्या द्राक्षांचा वास. एका जुन्या वायरची पिन कापली, मधे रेझिस्टर जोडले. आधी दहा ओहमचे, म्हणजे कमी अडवणारे. काही फरक नाही. मग तेहतीस. बरं, पण पुरेसं नाही. मग त्यांनी डबीतून दोन रेझिस्टर उचलून उजेडात धरले, त्यांच्यावरचे पट्टे वाचले. जांभळा, हिरवा, काळा. पंचाहत्तर.

"घाल कानात."

मी घातले. प्लेअर सुरू केला. तानपुरा लागायच्या आधी रेकॉर्डिंगमध्ये दोन-तीन सेकंद रिकामे होते, आणि त्या रिकाम्या जागेत काहीच नव्हतं. सळसळ नाही, घरघर नाही. मी ताडकन उठले आणि ओरडले, "ट्रिप झालं!"

बाबा उठले. आईच्या हातातला द्राक्षांचा घड परातीत पडला. बाबांचा एक पाय बुटात गेलासुद्धा. मग ते थांबले, खिडकीकडे कान केला, आणि माझ्याकडे वळून हात हवेत गोल फिरवला. चालू आहे. घरघर बाहेर होती तशीच होती. कानातल्या रबराने ती केव्हाच बाहेर ठेवली होती. आत मी महिनाभर ऐकत होते ती त्या प्लेअरची स्वतःची सळसळ, नाजूक हेडफोनमुळे मोठी होऊन आलेली. पंचाहत्तर ओहमनी ती गिळून टाकली होती. माझ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात ट्रिप झाल्याशिवाय आवाज कधी थांबलाच नव्हता, म्हणून मला ते ओळखता आलं नाही.

उजवा कान स्वच्छ होता. डाव्यात माझी शिट्टी होती, तेवढीच, एकटी, कुणाचीही मदत नसलेली. आणि मग तानपुरा लागला. दुरून, खालच्या आवाजात, पण चारही तारा वेगळ्या. मी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्यांना काहीच कळलं नाही. "आगं, लय बारीक झाला का? तेहतीसवाले टाकू?" ते विचारत राहिले. आई मात्र माझ्याकडे बघत होती, तिला कळलं असावं.

मामेभावाला फोनवर सांगितलं तर तो वैतागला. "मधे रेझिस्टर घातलास? त्याने आवाजाचा तोल बिघडतो. त्या हेडफोनचा बेस कसा तयार केलाय माहितीय का तुला?" त्याचं खरं होतं. खर्जाची तार थोडी वेगळी लागत होती, हे मलाही जाणवलं. पण ज्याला दोन्ही कान फुकट मिळालेत त्याने मला तोल शिकवू नये. मी म्हटलं, "बिघडू दे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात बाबा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. खिशातून प्लेअर, हेडफोन आणि स्पीडब्रेकर काढून टेबलावर मांडले. "घाला कानात," ते डॉक्टरांना म्हणाले. बाहेरचे पेशंट आत डोकवायला लागले इतक्या मोठ्याने. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी कानात घातले, मिनिटभर ऐकलं, आणि म्हणाले, "सुरू आहे ना हे?" मग त्यांनी डोळे मिटून आणखी थोडा वेळ ऐकलं. "इतक्या हळू ऐकणार असाल तर ऐका. रोज थोडं. आणि शिट्टी वाढली तर लगेच थांबायचं." बाबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी अर्ध्या कागदावर लिहिलेलं औषध घेतलं आणि आम्ही रस्त्यावर उसाचा रस प्यायलो.

हळू ऐकण्यात एक गंमत आहे. मोठा आवाज तुमच्याकडे चालून येतो, तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी चालतं. बारीक आवाजाकडे आपल्याला जावं लागतं. त्या मार्चमध्ये मी रोज दुपारी तानपुऱ्याकडे चालत गेले. गंधाराची जी जागा बाईंनी चार वर्षं दाखवूनही मला सापडत नव्हती, ती त्या पुसट आवाजात मला एकदा दिसली, आणि मग दिसतच राहिली. आजारपणाने मला हे दिलं असं मी म्हणणार नाही. आजारपण फक्त घेतं. जे मिळालं ते मी आणि बाबांनी हिसकावून आणलं.

त्याच महिन्यात आत्याने पिंपळगावकडचं एक स्थळ आणलंच. मंडळी द्राक्षांची पेटी घेऊन आली. चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, "गाणं शिकते म्हणे?" आत्याने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. आणि माझ्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. ती थांबेल की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही." खोलीत फक्त वीज केंद्राची घरघर उरली. मंडळी पेटी ठेवून गेली ती गेलीच. आत्या म्हणाली, "हातानं धोंडा पाडून घेतला पायावर." बाबांना शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं होतं, त्यांनी आईकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "बरं केलंस! द्राक्षं पण चांगली हायेत!" शेजारच्या तीन घरांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी द्राक्षं मागायला आली.

परीक्षेत तानपुरा स्वतः लावून दाखवायचा होता. बाई म्हणाल्या होत्या, मी आधीच लावून ठेवते, कुणी विचारणार नाही. मी नको म्हटलं. परीक्षकांसमोर मी तानपुरा उजव्या कानाकडे घेतला, मान जरा वेडीवाकडी झाली, एकाने भुवया उंचावल्या. खुंटी पिळताना बाहेर कॅम्पाकडून तोफांचे धप्प धप्प आवाज येत होते. मी थांबले, दोन धप्पांच्या मधे तार ऐकली, पुन्हा पिळली. वेळ लागला. लागू दिला. मी दुसऱ्या श्रेणीत पास झाले. पहिली आली असती तर गोष्ट जास्त छान झाली असती, पण आली नाही. बाईंनी बंगळूरला जाण्याआधी मला त्यांचा तानपुरा दिला, तो आता माझ्या घरी आहे. शिट्टीही आहे. मी सात मुलींना गाणं शिकवते, आणि त्यांच्यातली कुणी आवाज चढवून गायला लागली की माझा तळहात आपोआप खाली दाबला जातो.

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता ते आणि आई जेलरोडला माझ्या घराच्या खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांचे कान जवळजवळ गेले. श्रवणयंत्र आणलं, चार दिवस घातलं, मग टेबलाच्या खणात टाकलं. "कुकरला पण मोठं करतं, मोटरसायकलला पण, आन् तुलाबी. त्याला काय अक्कलच नाय." या होळीला आत्या आली होती. मी म्हटलं, बाबांना गाणं ऐकवायला काहीतरी करते. आत्या माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "राहू दे आता. त्याला गाणं काय अन् गोंगाट काय, काय बी पोचत नाय. कशाला त्याला दमवती?" तीही भल्याचंच सांगत होती. आणि मला तोच जुना राग आला, पंधरा वर्षांपूर्वीचा, अगदी ताजा.

परवा दुपारी मी डबा काढला. प्लेअर तोच, अजून चालतो. दुकानातून एक दुतोंडी वायर आणली, एका प्लेअरवर दोघांना ऐकता येईल अशी. तिच्या एका तोंडाला कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन थेट जोडले, ते बाबांना. दुसऱ्या तोंडाला मधे स्पीडब्रेकर घालून माझे. म्हणजे बाबांसाठी आवाज कितीही वाढवला तरी माझ्या बाजूला पंचाहत्तर ओहम पहाऱ्याला उभे. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकच आवाज आपापल्या मापाने ऐकणार होतो.

खाली जाऊन मी बाईंच्या तानपुऱ्याचं तेच रेकॉर्डिंग लावलं. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, चपला खुर्चीखाली. त्यांनी तळहात वर उचलला. मी वाढवला. पुन्हा तळहात वर. पुन्हा वाढवला. असं पाच-सहा वेळा झालं, आणि मग त्यांचा हात मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर काही नाही. ऐकू येतंय म्हणून हात थांबला की कंटाळून, ते कळेना. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी डोळे उघडले नाहीत. माझ्या कानात तानपुरा नेहमीपेक्षा जरा जवळ आला होता, तरी दुरूनच वाजत होता. मला वाटलं, आत्याचं खरं असेल. मला वाटलं, मी उगाच एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर हे ओझं चढवून बसले आहे. तरी मी बंद केलं नाही.

रेकॉर्डिंग संपायला आलं. शेवटची तार विरली आणि सगळं थांबलं.

बाबांनी डोळे उघडले. मान वर केली, खिडकीकडे पाहिलं. मग ते खुर्चीतून अर्धे उठले आणि पायांनी चपला शोधू लागले.

"ट्रिप झालं का गं?" त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

मी हात हवेत गोल फिरवला. चालू आहे, बाबा. चालू आहे.